सात वाजून पाच मिनिटांची बातमी

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण सकाळच्या घाईत त्याच्याकडे कुणी बघत नसे. स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिसळणाच्या डब्याशेजारी, भोकाभोकांच्या चामडी पिशवीतला रेडिओ असे. सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की दाढी करणारे वडील ब्रश तसाच धरून दारात येऊन उभे राहत. ठळक बातम्या संपेपर्यंत माझं दप्तर भरलेलं नसेल, तर शाळेची पहिली घंटा चुकणार हे ठरलेलं. अनेकदा सुधा नरवणे बातम्या देत असत. त्यांचा तो स्वच्छ, न घाईचा आवाज आमच्या घरातल्याच कुणाचा तरी वाटावा इतका सवयीचा झाला होता.

आई मात्र बातम्या वेगळ्या कानाने ऐकायची. मंत्रिमंडळाची बैठक, मुंबईतला संप, विद्यापीठाचा निर्णय हे सगळं पोळ्या लाटता लाटता निघून जायचं. मध्येच धरणांतला पाणीसाठा किंवा नीरा उजव्या कालव्याचं आवर्तन असे शब्द आले, की ती पिठाच्या हातानेच आवाज मोठा करायची. फलटणला मामाचा ऊस होता. मामाचं पत्र यायला चार दिवस लागायचे, पण त्याच्या शेताला पाणी कधी मिळणार हे तिला पुण्यातल्या ओट्यापाशी कळायचं. रेडिओवर एवढं काय काय लागायचं, नाट्यसंगीत, श्रुतिका, कीर्तन. पण आईचा हात त्या गोल बटणाकडे गेलेला मी पाहिला तो त्या एका बातमीसाठी.

ही जवळची बातमी आपल्या रेडिओवर आली कुठून आणि कशी, याचा माग मी बरीच वर्षं काढतो आहे. माग काढताना एक गोष्ट वारंवार समोर आली. आपल्याकडे प्रक्षेपण केंद्रं गावोगावी उभी राहिली, पण त्या गावाची बातमी त्याच केंद्रावरून यायला फार झगडावं लागलं. आणि तो झगडा संपलेला नाही.

सुरुवात हौसेतून झाली. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने आपला पहिला कार्यक्रम प्रक्षेपित केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याच्या क्लबने आणि पुढच्या वर्षी मद्रासच्या क्लबने तोच उद्योग केला. ही बिनतारी यंत्रांचा नाद लागलेली मंडळी होती. त्यांच्यामागून धंद्याच्या हिशेबाने ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ आली. तिच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा. धड ऐकू यायचं ते तीसएक मैलांपर्यंत, म्हणजे मुंबईहून निघालेला आवाज कल्याणच्या आसपास विरून जायचा. ऐकणाऱ्याने वर्षाला दहा रुपये परवाना फी भरायची आणि त्यातले ऐंशी टक्के कंपनीला मिळायचे, असा करार होता. पण परवाने घेणार कोण? रेडिओसंच युरोपीय साहेबांकडे आणि मोजक्या धनिकांकडे. १९२९ अखेर सगळ्या देशात मिळून आठ हजार परवानेही झाले नव्हते. १ मार्च १९३० रोजी कंपनी बुडीत निघाली आणि एप्रिलपासून सरकारने कारभार हातात घेतला.

त्या काळातलं मुंबई केंद्र खऱ्या अर्थाने स्थानिक होतं, कारण त्याचा आवाज दूर जाऊच शकत नव्हता. पण गिरणगावात काय चाललं आहे, कोकणची बोट आली की नाही, हे सांगावं असं त्याला वाटण्याचं कारण नव्हतं. ज्यांच्या घरी संच होते त्यांना ते ऐकायचं नव्हतं, आणि ज्यांना ऐकायचं होतं त्यांच्या घरी संच नव्हते.

पुढे या सरकारी रेडिओचा कारभार बघायला बीबीसीतून लायनेल फील्डन आले, १९३६ च्या जूनमध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झालं. त्याच वर्षी १९ जानेवारीला दिल्लीहून पहिलं बातमीपत्र गेलं होतं. वर्षभराने बातम्यांची मध्यवर्ती यंत्रणा दिल्लीत उभी राहिली आणि बातमीचं माहेर कायमचं ठरलं. महायुद्ध सुरू झाल्यावर तर बातमीवर सरकारची मूठ आणखी आवळली. मराठी, गुजराती, तमिळ, तेलुगू या भाषांतली बातमीपत्रंही दिल्लीत बसून वाचली जाऊ लागली. पुण्या-मुंबईच्या माणसाला मराठी बातमी ऐकू येत होती, पण ती हजार-बाराशे किलोमीटरवरून येत होती आणि तिच्यात काय असावं हे युद्ध लढवणारं सरकार ठरवत होतं.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये त्या बातमीचं खोटेपण उघडं पडलं. १६ ऑगस्टला विदर्भात चिमूर आणि आष्टी इथे लोक उठले, पोलीस मारले गेले आणि नंतर चिमूरवर लष्कराने जो अत्याचार केला तो ऐकून आजही अंगावर काटा येतो. वर्तमानपत्रांवर बंधनं, सरकारी रेडिओ गप्प. तेव्हा मुंबईत एक बावीस वर्षांची विद्यार्थिनी, उषा मेहता, काही मित्रांना हाताशी धरून गुप्त रेडिओ चालवत होती. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ पहिल्यांदा बोलला. ‘शिकागो रेडिओ’चे नानिक मोटवानी यांनी यंत्रसामग्री पुरवली होती. राममनोहर लोहिया पाठीशी होते. पोलिसांची गाडी लहरींचा माग काढत फिरायची, म्हणून प्रक्षेपक एका घरातून दुसऱ्या घरात हलवावा लागे. आष्टी-चिमूरचा वृत्तान्त, चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप या बातम्या लोकांना या रेडिओने दिल्या. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घातली, तेव्हाही प्रक्षेपण चालू होतं. उषाबेन चार वर्षांच्या शिक्षेवर गेल्या आणि १९४६ मध्ये सुटल्या.

जेमतेम अडीच महिने चाललेल्या या केंद्राला बहुतेक लेखांत ‘स्वातंत्र्यलढ्यातला रोमहर्षक प्रसंग’ म्हणून जागा मिळते. मला तो आपल्या रेडिओच्या इतिहासातला मूळपुरुष वाटतो. गावात जे घडलं ते गावाचं नाव घेऊन, घडल्यावर लगेच, लोकांना सांगणं हे काम आपल्या भूमीवर पहिल्यांदा कुणी केलं असेल, तर ते या बेकायदा केंद्राने. ही ठिणगी चोरट्या खोलीत पडली. सनदशीर घरात तिला जागा व्हायला आणखी अकरा वर्षं गेली.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली, लखनौ. नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झालं. १९५३ मध्ये प्रादेशिक बातम्यांचे विभाग काढायचं ठरलं, तेव्हा लखनौबरोबर पहिला मान नागपूरला मिळाला. दिल्लीबाहेर बातमी तयार होऊ शकते, हे सरकारने तेव्हा मान्य केलं. त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, पुण्याचं केंद्र सुरू झालं.

पुण्याचं केंद्र म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडी ‘गीतरामायण’ येतं आणि ते योग्यच आहे. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर ते आठवड्या-आठवड्याला ऐकू आलं, त्यामागे केंद्राचे सीताकांत लाड होते, हे सगळं पुष्कळदा लिहून झालेलं आहे. त्याच सुमारास व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात आले आणि पुढे तीसेक वर्षं तिथे राहिले. ‘बनगरवाडी’ लिहिणारा माणूस खेड्यासाठीच्या कार्यक्रमांचं काम बघतो आहे, असं भाग्य फार कमी केंद्रांना लाभलं असेल. पण या केंद्राने १९५६ मध्ये केलेली एक गोष्ट पुण्यातल्या लोकांनाही ठाऊक नसते. जगभरच्या संज्ञापनशास्त्राच्या पुस्तकांत तिचा उल्लेख सापडतो. आपल्याकडे ती विसरली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिची मुळं कॅनडात आहेत. तिथल्या शेतकऱ्यांसाठी १९४१ पासून ‘फार्म रेडिओ फोरम’ चालत असे. थंडीच्या दिवसांत शेजारीपाजारी एका घरी जमायचे, रेडिओवरची चर्चा ऐकायचे, मग स्वतः चर्चा करायचे आणि आपलं म्हणणं रेडिओला कळवायचे. वाचा, ऐका, चर्चा करा, कामाला लागा, हे त्यांचं ब्रीद. हा प्रयोग नव्याने स्वतंत्र झालेल्या, निरक्षरांची संख्या मोठी असलेल्या देशात चालेल का, हे युनेस्कोला बघायचं होतं. आकाशवाणीचे महासंचालक तेव्हा जगदीशचंद्र माथुर होते, हिंदीतले ‘कोणार्क’ नाटकाचे लेखक. माहिती व नभोवाणी खातं पुण्याचेच बाळकृष्ण केसकर यांच्याकडे होतं. सिनेसंगीताला आकाशवाणीची दारं बंद करणारे म्हणून केसकरांना लोक अजून नावं ठेवतात. त्यांच्याच कारकिर्दीत हा प्रयोग झाला, याची नोंद मात्र कुणी घेत नाही.

प्रयोगासाठी मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा. दीडशे गावं. प्रत्येक गावात वीसेक जणांचं श्रोतामंडळ, त्याचा एक निमंत्रक. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आठवड्यातून दोन संध्याकाळी पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हायचा, असे एकूण वीस कार्यक्रम. शेती, जनावरं, आरोग्य, सहकार, ग्रामपंचायत असे विषय. कधी संवाद, कधी छोटं नाटुकलं, कधी मुलाखत.

ती संध्याकाळ मी मनाशी अनेकदा उभी केली आहे. रब्बीची सुगी चाललेली. दिवसभर ज्वारी काढून, बैल बांधून, हातपाय धुऊन माणसं चावडीत येतात. गावात वीज नाही. बॅटरीवर चालणारा सामुदायिक संच, खरखरणारा. ट्रांझिस्टर अजून आपल्याकडे पोचलेला नाही. अर्धा तास सगळे कान देऊन ऐकतात. मग रेडिओ बंद होतो, आणि खरा कार्यक्रम तिथून सुरू होतो. कंदिलाच्या उजेडात अर्धा तास, कधी त्याहून जास्त, बोलणं चालतं. हे आपल्या जमिनीत होईल का? पैसा कुठून आणायचा? मागच्या खेपेला कुणी करून बघितलं होतं त्याचं काय झालं? शाळेत गेलेला माणूस आणि अक्षर न शिकलेला माणूस दोघेही त्याच घोंगडीवर. निमंत्रक कागदावर लिहून घेतो: कोण हजर होतं, काय बोलणं झालं, काय ठरलं, काय अडलं. तो अहवाल टपालाने पुण्याला जातो. आणि पुढच्या कार्यक्रमांत त्या गावांच्या शंकांना रेडिओवरून उत्तरं मिळतात.

आपण विचारलेला प्रश्न आपल्याच चावडीतल्या पेटीतून परत ऐकू येणं म्हणजे काय, याची कल्पना आज फोन हातात घेऊन वाढलेल्या मुलांना यायची नाही. तोवर रेडिओ म्हणजे सरकारने बोलायचं आणि लोकांनी ऐकायचं. इथे पहिल्यांदा गावाने बोलायचं आणि सरकारी केंद्राने ऐकायचं, असं घडलं. ज्याला आज ‘टॉक रेडिओ’ म्हणतात, श्रोता बोलतो आणि त्याच्या बोलण्यावर कार्यक्रम चालतो, तो आपल्याकडे पोस्टाच्या तिकिटावर, बॅटरीच्या संचावर आणि कंदिलाच्या उजेडात चालू झाला होता.

या प्रयोगाचं मोजमापही नीट झालं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ते केलं, समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली. मंडळं असलेली गावं आणि नसलेली गावं यांची तुलना करण्यात आली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांना त्या विषयांवरचे प्रश्न विचारले. निष्कर्ष स्पष्ट होता. श्रोतामंडळाच्या गावांत लोकांची माहिती कितीतरी वाढली, आणि जिथे मंडळ नव्हतं तिथे जवळजवळ वाढली नाही. नुसत्या आवाजाने फारसं काही झालं नव्हतं. ऐकून झाल्यावर जे बोलणं झालं, त्याने काम केलं होतं. काही गावांनी विहिरी खोदल्या, चांगल्या जातीचे वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, बालवाड्या आणि विक्री-संस्था काढल्या. काही ठिकाणी तर हे मंडळच गावचे निर्णय घेऊ लागलं. माथुर आणि न्यूराथ यांचं या प्रयोगावरचं पुस्तक युनेस्कोने १९५९ मध्ये काढलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ही योजना देशभर लागू झाली.

देशभर लागू झाली आणि हळूहळू वाळली. पुण्यात दहा आठवडे जी काळजी घेतली गेली होती ती हजारो गावांत घेणं जमलं नाही. संच बिघडले ते दुरुस्त झाले नाहीत, पत्रं गेली त्यांना उत्तरं आली नाहीत. माझ्या मते तिचा जीव त्या उत्तरात होता. उत्तर थांबलं की मंडळ म्हणजे नुसती रेडिओभोवती बसलेली माणसं.

पुण्याच्या केंद्राला चावडीतून पत्रं येत होती, त्याच दिवसांत सह्याद्रीच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळंच केंद्र बोलत होतं. गोव्यात पोर्तुगीजांचं सेन्सॉर इतकं कडक होतं की लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीशिवाय छापता येत नसे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. भारताने सीमा बंद केल्या, आणि आत अडकलेल्या गोवेकरांना बाहेरचं काही कळेनासं झालं. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून, एका ट्रकमधून, ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ सुरू झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे त्याचे मुख्य आवाज. सुरुवातीला निकोलाव मिनेझिसही होते. दादरा-नगरहवेली मुक्त झाली तेव्हा पोर्तुगीजांकडून हाती लागलेले दोन बिनतारी संच, त्यांतून प्रक्षेपक तयार केला होता. पुढे मुक्काम कॅसलरॉकला हलला. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून बातम्या आणि भाष्य. पोर्तुगीज सरकारच्या प्रचाराला रोजच्या रोज उत्तर. आंबोलीच्या पावसात एक दिवस काढलेल्या माणसाला विचारा. तिथल्या धुक्यात, जळवांत, माणसांपासून तोडून घेऊन बातमीचं काम करत राहणं म्हणजे काय, ते तो सांगेल.

सहा वर्षं ही दोघं बोलत राहिली. १७ डिसेंबर १९६१ रोजी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा गव्हर्नर जनरलला शरण येण्याचं आवाहन करणारा संदेश याच केंद्रावरून गेला. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, तेव्हा वामन आणि लिबिया ध्वनिक्षेपक लावलेल्या विमानातून गोव्यावर फिरले आणि आकाशातून लोकांना सांगितलं की पोर्तुगीज शरण आले आहेत. ‘आकाशवाणी’ हा शब्द त्या दिवशी अक्षरशः खरा झाला. पुढे दोघांनी लग्न केलं. लिबिया लोबो सरदेसाई यांना वयाची शंभरी गाठल्यावर, २०२५ मध्ये, पद्मश्री जाहीर झाली.

आता पुन्हा आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीकडे येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांपर्यंत महाराष्ट्रात केंद्रांची संख्या वाढली होती: सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी, औरंगाबाद. ट्रांझिस्टर स्वस्त झाले. रेडिओचा परवाना काढावा लागे, त्याची पुस्तिका असे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरून तिच्यात तिकिटं चिकटवून आणावी लागत. आमच्या घरची ती पुस्तिका अजून रेशनकार्डाच्या जुन्या पाकिटात आहे. तिकिटांवर पोस्टाचे शिक्के गोल गोल उमटलेले. ऐकण्यासाठी माणसं पैसे भरत होती, हे ती पुस्तिका बघितल्यावर आठवतं. १९८० च्या दशकात हा परवाना गेला.

सात-पाचच्या त्या दहा मिनिटांमागे जिल्ह्याजिल्ह्यातले अर्धवेळ वार्ताहर असत. कुणी मास्तर, कुणी वकील, कुणी स्थानिक पत्राचा संपादक. तारेने, ट्रंककॉलने, मग फोनने ते बातमी कळवत. पुण्यात ती तपासली जायची, छाटली जायची. वर्तमानपत्रात दोन स्तंभ खाणारी बातमी इथे चार वाक्यांत बसवावी लागे, आणि ती चार वाक्यंही अशी की एकदाच ऐकून कळली पाहिजेत, कारण मागचं वाक्य परत वाचायची सोय ऐकणाऱ्याला नसते. मराठी गद्याला लागलेली ही फार मोठी शिस्त आहे. गावांची नावं बरोबर उच्चारणं हा त्यातला कळीचा भाग. स्वतःच्या गावाचं नाव चुकीचं ऐकलेला श्रोता ते वर्षभर विसरत नाही.

हे बातमीपत्र सरकारी होतं, आणि त्याच्या मर्यादा उघड होत्या. मंत्र्यांच्या दौऱ्याला जेवढी जागा मिळे तेवढी मोर्चाला मिळत नसे. आणीबाणीत तर ते पूर्णच सरकारच्या तोंडचं झालं. पण अफवा आणि बातमी यांतला फरक कळायला घराघरात जो एक आधार लागतो, तो त्याने दिला. ‘रेडिओवर सांगितलं का?’ हा प्रश्न विचारला जायचा, आणि त्याच्या उत्तरावर माणसं घराबाहेर पडायची की नाही ते ठरवायची.

मग दारं उघडली, पण अर्धीच. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारी त्यांच्यावर असू नये, आणि बाजारालाही त्या आंदण देऊ नयेत. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००१ पासून खासगी एफएम केंद्रं आली. पुण्या-मुंबईच्या रिक्षांत, दुकानांत, मोटारींत दिवसभर बोलणारे निवेदक आले. गाणी आली, रहदारीची माहिती आली, थट्टामस्करी आली. बातमी आली नाही, कारण बातमी द्यायला त्यांना परवानगीच नव्हती. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावण्याची मुभा मिळाली. स्वतःची बातमी द्यायची नाही, हे मात्र कायम राहिलं.

सामुदायिक रेडिओचीही तीच गत. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना ही केंद्रं काढायला परवानगी मिळाली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आली. २००८ मध्ये माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली, तीही मुख्यतः बायकांच्या बळावर उभ्या राहिलेल्या संस्थेची. प्रक्षेपक शंभर वॅटच्या मर्यादेतला, आवाज दहा-बारा किलोमीटरपर्यंत. १९२७ च्या मुंबई केंद्राहूनही लहान, आणि या वेळी ऐकणारेही त्याच मातीतले. जवळच्या बातमीला याहून योग्य घर मिळणार नाही. नियम असा आहे की या केंद्रांनी हवामान सांगावं, जत्रा सांगावी, परीक्षांचे निकाल सांगावे, पाणी आणि वीज यांबाबत प्रशासनाने दिलेल्या सूचना सांगाव्या. ग्रामसभेत काल काय झालं, छावणीतल्या चाऱ्याचं बिल कुठे अडलं, हे आपल्या वार्ताहराकरवी बातमी म्हणून सांगू नये. तालुक्यात चार वर्तमानपत्रं निघतात, हातोहाती फोनवर खरंखोटं सगळं फिरतं, त्या सगळ्याला वाट आहे. ज्या केंद्राचं कार्यालय कुठे आहे, चालवणारं कोण आहे, चूक झाली तर कुणाला धरायचं हे गावाला ठाऊक आहे, त्यालाच अडवलेलं आहे. सुरक्षेचं कारण दिलं जातं. मला ते पटत नाही. शंभर वॅटमध्ये राज्य उलथवता येत नाही, गटाराचं काम मात्र मार्गी लावता येतं.

आकाशवाणीच्या घरातही जवळच्या बातमीचा पाट भक्कम नाही. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याची बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं. श्रोते, पत्रकार, लोकप्रतिनिधी बोलले आणि निर्णय थांबवण्यात आला. ज्या केंद्राने १९५६ मध्ये दीडशे गावांचं म्हणणं ऐकून घेतलं, त्याची बातमी दुसरीकडून यावी असं कुणाच्या तरी मनात आलं, याने मी त्या दिवसांत फार अस्वस्थ होतो. निर्णय थांबला, कारण लोकांनी पत्रं लिहिली, फोन केले, आवाज केला. चावडीतल्या निमंत्रकाने पुण्याला टपाल पाठवावं, तसंच ते होतं.

फलटणचा मामा आता नाही. त्याचा मुलगा ऊस लावतो आणि कालव्याचं आवर्तन त्याला फोनवर कळतं, कधी खरं, कधी कुणीतरी उगाच पाठवलेलं. माझं मागणं साधं आहे आणि ते दिल्लीत बसून धोरण ठरवणाऱ्यांकडे आहे. पुण्याचा वृत्तविभाग पुण्यात ठेवा, त्याला जिल्ह्याजिल्ह्यांत वार्ताहर द्या. आणि म्हसवडच्या रेडिओला म्हसवडची बातमी देऊ द्या.